पुंज बिंदूंची दीप्ती आणि धातुपटल

अर्धसंवाहक पदार्थाच्या काही नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = १०⁻⁹ मीटर; संक्षेप नॅमी.) आकारमानाच्या स्फटिककणांना पुंज बिंदू म्हणतात. प्रकाशाने किंवा विद्युत् प्रवाहाने उत्तेजित केले असता हे कण विशिष्ट रंगाचा प्रकाश उत्सर्जित करतात. या उत्सर्जनाला दीप्ती अशी संज्ञा आहे. पुंज बिंदू सोने, रुपे, ॲल्युमिनियम इ. धातूंच्या पटलालगत ठेवल्यास त्यांच्या दीप्तीची तीव्रता, उत्तेजित अवस्थेचा आयुःकाल, उत्सर्जनाची दिशा आणि प्रकाशाचे ध्रुवण या सर्वांत बदल घडून येतो. हा बदल नेहमी एकाच प्रकारचा नसतो. प्रत्यक्ष स्पर्श झाल्यास दीप्ती बहुधा मावळते. मध्ये योग्य जाडीचा निरोधक थर असल्यास तीच दीप्ती कित्येक पट वाढू शकते. ज्या प्रयुक्तींत पुंज बिंदू आणि धातूचे विद्युत् अग्र एकमेकांजवळ असतात त्यांच्या रचनेत हा काही नॅनोमीटरांचा फरक निर्णायक ठरतो.

पुंज बिंदूची दीप्ती : अर्धसंवाहकात प्रकाशाचे शोषण झाले म्हणजे एक इलेक्ट्रॉन संयुजा पट्टातून संवहन पट्टात जातो आणि त्याच्या मूळ जागी धन विद्युत् भाराप्रमाणे वागणारी पोकळी राहते. इलेक्ट्रॉन व पोकळी पुन्हा एकत्र आल्यास सुटणारी ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते. मोठ्या आकारमानाच्या कॅडमियम सिलेनाइडात या दोन पट्टांमधील ऊर्जा अंतराल सु. १.७४ इलेक्ट्रॉन व्होल्ट असतो. म्हणजे त्याचे उत्सर्जन वर्णपटाच्या अगदी तांबड्या टोकाशी पडते. कण काही नॅमी. इतका लहान केला असता इलेक्ट्रॉन व पोकळी यांना हालचालीस जागा उरत नाही, त्यांच्या ऊर्जा पातळ्या वर सरकतात आणि परिणामी ऊर्जा अंतराल वाढतो. त्यामुळे कॅडमियम सिलेनाइडाचा सु. ६ नॅमी. व्यासाचा बिंदू तांबडा, तर सु. २ नॅमी. व्यासाचा बिंदू निळसर हिरवा प्रकाश देतो. पदार्थ न बदलता केवळ आकारमानाने रंग ठरविता येणे हे पुंज बिंदूंचे प्रमुख वैशिष्ट्य होय. [⟶ अर्धसंवाहक, पुंज सिद्धांत].

काचेत विखुरलेल्या क्यूप्रस क्लोराइडाच्या स्फटिककणांत आकारमानाचा हा परिणाम ए. आय्. येकिमॉव्ह यांनी सोव्हिएट रशियात १९८१ मध्ये दाखविला. द्रवात तरंगणाऱ्या कॅडमियम सल्फाइडाच्या कणांत तोच परिणाम अमेरिकेत लुई ब्रुस यांना १९८३ मध्ये आढळला. एकसारख्या आकारमानाचे, निर्दोष स्फटिककण तयार करण्याची रासायनिक पद्धत मूंजी बावेंडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केली. या तिघांना २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

उत्तेजित झालेला प्रत्येक बिंदू प्रकाश देतोच असे नाही. पृष्ठभागावरील दोषांत इलेक्ट्रॉन अडकल्यास ऊर्जा उष्णतेच्या रूपाने नाहीशी होते. प्रकाश देणाऱ्या मार्गास प्रारणी क्षय व न देणाऱ्या मार्गास अप्रारणी क्षय म्हणतात. शोषिलेल्या दर शंभर फोटॉनांमागे किती फोटॉन उत्सर्जित होतात, या प्रमाणास पुंज कार्यक्षमता म्हणतात. कॅडमियम सिलेनाइडाच्या गाभ्यावर झिंक सल्फाइडाचे कवच चढविल्यास पृष्ठभागावरील दोष झाकले जातात व कार्यक्षमता पुष्कळ वाढते, असे १९९६ मध्ये दिसून आले. सामान्य तापमानास अशा बिंदूच्या उत्तेजित अवस्थेचा आयुःकाल साधारणपणे २० नॅनोसेकंद (१ नॅनोसेकंद = १०⁻⁹ सेकंद) असतो.

परिसराचा प्रभाव : उत्स्फूर्त उत्सर्जनाचा वेग हा केवळ अणूचा किंवा रेणूचा अंगभूत गुणधर्म आहे, अशी समजूत दीर्घकाळ रूढ होती. अमेरिकन भौतिकीविज्ञ ई. एम्. पर्सेल यांनी १९४६ मध्ये असे दाखवून दिले की, उत्सर्जक वस्तू अनुस्पंदकात ठेवल्यास हा वेग बदलतो. उत्सर्जित ऊर्जा ज्या विद्युत् चुंबकीय अवस्थांत जावयाची त्यांची उपलब्ध संख्या परिसरावर अवलंबून असते. अवस्था अधिक उपलब्ध असतील तर उत्सर्जन जलद होते. कमी असतील तर ते रेंगाळते. धातुपटल हा असा परिसर बदलण्याचा सर्वांत सोपा मार्ग होय.

याचा स्पष्ट प्रायोगिक पुरावा के. एच्. ड्रेक्सहागे यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात जर्मनीत मिळविला. त्यांनी धातूच्या आरशावर मेदाम्लाचे एकरेणवीय थर एकावर एक चढविले आणि सर्वांत वर युरोपियमाच्या संयुगाचा दीप्तिमान थर ठेवला. असा प्रत्येक थर केवळ सु. २.६ नॅमी. जाडीचा असल्यामुळे आरशापासूनचे अंतर अतिशय काटेकोरपणे ठरविता आले. हे अंतर वाढवीत नेले असता युरोपियमाच्या दीप्तीचा आयुःकाल आलटून पालटून कमीजास्त होतो, तर आरशाच्या अगदी जवळ तो झपाट्याने घसरतो, असे आढळले. पुंज बिंदूंचा शोध लागण्यापूर्वीचे हे प्रयोग असले, तरी त्यांतून निघालेले निष्कर्ष पुंज बिंदूंनाही लागू पडतात. कारण दोन्ही ठिकाणी उत्सर्जक हा आंदोलन पावणारा सूक्ष्म विद्युत् द्विध्रुव मानता येतो.

रेडिओ तरंगांचा आकाशक जमिनीवर उभारला असता त्याच्या प्रारणावर जमिनीचा काय परिणाम होतो, याचे गणित आर्नोल्ट झोमरफेल्ट यांनी १९०९ मध्ये मांडले होते. आकाशकाच्या जागी रेणू व जमिनीच्या जागी धातू अशी कल्पना करून आर्. आर्. चान्स, ए. प्रॉक व आर्. सिल्बी यांनी १९७८ मध्ये या विषयाचे सविस्तर सैद्धांतिक विवेचन प्रसिद्ध केले. ड्रेक्सहागे यांच्या मापनांशी ते चांगले जुळते आणि आजही या क्षेत्रात आधारभूत समजले जाते.

अंतरानुसार परिणाम : धातुपटलापासून पुंज बिंदू किती दूर आहे त्यानुसार परिणामाचे चार टप्पे पाडता येतात. हे टप्पे एकमेकांत मिसळणारे आहेत. त्यांच्या सीमा धातू, तरंगलांबी व माध्यम यांनुसार सरकतात.

(१) दूरचे अंतर : अंतर तरंगलांबीच्या तुलनेचे असताना धातू मुख्यत्वे आरशाचे काम करतो. बिंदूपासून थेट निघालेला तरंग व आरशावरून परतलेला तरंग यांचे व्यतिकरण होते. दोहोंची कला जुळल्यास उत्सर्जन वाढते, विरुद्ध असल्यास घटते. ही चढउतार अर्ध्या तरंगलांबीच्या अंतराने पुन्हा पुन्हा येते. उदा., ६१२ नॅमी. तरंगलांबीचा तांबडा प्रकाश १.५ प्रणमनांकाच्या माध्यमात असल्यास सु. २०० नॅमी. अंतरागणिक तीच स्थिती येते. द्विध्रुव आरशाला लंब असल्यास त्याची प्रतिमा त्याच दिशेने आंदोलन पावते. आदर्श आरशाच्या अगदी निकट अशा द्विध्रुवाच्या प्रारणाचा वेग दुप्पट होतो. द्विध्रुव आरशाला समांतर असल्यास प्रतिमा विरुद्ध दिशेची असते आणि प्रारण जवळजवळ पूर्णपणे थांबते. प्रत्यक्ष धातू आदर्श आरसा नसल्यामुळे जवळच्या अंतरावर पुढे दिलेले परिणाम वरचढ ठरतात.

(२) पृष्ठीय प्लाझ्मॉनाचे क्षेत्र : धातूतील मुक्त इलेक्ट्रॉन सामूहिकपणे आंदोलन पावू शकतात. धातू व निरोधक यांच्या सीमेला धरून चालणाऱ्या अशा आंदोलनतरंगास पृष्ठीय प्लाझ्मॉन म्हणतात. त्याचे सैद्धांतिक भाकीत आर्. एच्. रिची यांनी १९५७ मध्ये केले होते. सुमारे १० ते १०० नॅमी. अंतरावरील पुंज बिंदू आपली ऊर्जा फोटॉनाऐवजी या तरंगाला देऊ शकतो. समान कंप्रतेच्या प्रकाशापेक्षा पृष्ठीय प्लाझ्मॉनाची तरंगलांबी कमी असते. त्यामुळे गुळगुळीत पटलावर तो आपण होऊन प्रकाशरूपाने बाहेर पडू शकत नाही. काही अंतर सरकून तो धातूत उष्णता होऊन विरतो. पटल खडबडीत असल्यास, त्यावर सूक्ष्म रेषांची जाळी कोरल्यास किंवा त्याला लोलक जोडल्यास मात्र ही अडकलेली ऊर्जा प्रकाश म्हणून परत मिळविता येते. म्हणूनच एकाच धातूचे गुळगुळीत पटल दीप्ती कमी करते आणि खडबडीत पटल ती वाढविते, असा वरवर विसंगत वाटणारा अनुभव येतो.

(३) निकट अंतर व शमन : अंतर सु. १० नॅमी. पेक्षा कमी झाले म्हणजे द्विध्रुवाभोवतीचे तीव्र निकट क्षेत्र धातूत शिरते आणि तेथील इलेक्ट्रॉनांना सरळ उत्तेजित करते. ही ऊर्जा अत्यल्प काळात उष्णतेत रूपांतरित होते. दीप्ती अशा रीतीने मावळण्यास शमन म्हणतात. दोन रेणूंमधील ऊर्जास्थानांतरणाचा वेग अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो, हे थेओडोर फर्स्टर यांनी १९४८ मध्ये दाखविले होते. धातूत मात्र ऊर्जा घेणारी स्थाने एकच नसून संपूर्ण घनफळात पसरलेली असतात. त्या सर्वांचा परिणाम एकत्र केल्यास जाड धातूसाठी हा वेग अंतराच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात येतो. म्हणजे अंतर ४० नॅमी. वरून १० नॅमी. केल्यास शमनाचा वेग ६४ पट होतो. ऊर्जा मुख्यत्वे पृष्ठावरील इलेक्ट्रॉनच घेत असतील तर चौथा घात लागू पडतो, असे बी. एन्. जे. पेर्सॉन व एन्. डी. लँग यांनी १९८२ मध्ये दाखविले. दोन रेणूंमधील स्थानांतरणाच्या तुलनेत धातूकडून होणारे शमन अंतराबरोबर सावकाश घटते व म्हणून अधिक लांबवर जाणवते.

(४) प्रत्यक्ष स्पर्श : बिंदू व धातू यांमधील अंतर १–२ नॅमी. पर्यंत खाली आले म्हणजे ऊर्जेबरोबर विद्युत् भाराचेही स्थानांतरण होऊ लागते. उत्तेजित इलेक्ट्रॉन किंवा पोकळी मधला अडथळा बोगदा परिणामाने ओलांडून धातूत जाते. इलेक्ट्रॉन व पोकळी वेगळी झाल्यावर प्रकाशाचे उत्सर्जन होण्याचा प्रश्नच उरत नाही. हा मार्ग अंतराबरोबर घातांकी पद्धतीने घटत असल्यामुळे बिंदूभोवतीचे कवच व त्यावरील सेंद्रिय रेणूंचे आवरण एवढ्यानेही तो बराच अडविला जातो. ऊर्जेचे स्थानांतरण अडविण्यास मात्र हे आवरण पुरे पडत नाही. यावरून ‘स्पर्श’ या शब्दाचा अर्थ येथे सैलपणे घेऊन चालत नाही, हे लक्षात येईल. डोळ्यांना पटलावर टेकलेला दिसणारा बिंदू आपल्या आवरणामुळे धातूपासून २–३ नॅमी. दूर असू शकतो. आणि एक नॅमी. आवरण कमी झाले तरी शमनाचे कारणच बदलते.

आयुःकाल व तेजस्विता : धातूजवळ आयुःकाल जवळजवळ नेहमीच घटतो. परंतु आयुःकाल घटणे म्हणजे दीप्ती वाढणे नव्हे. आयुःकाल हा प्रारणी व अप्रारणी अशा सर्व मार्गांच्या एकत्रित वेगावरून ठरतो. तेजस्विता त्यांतील प्रारणी मार्गाच्या वाट्यावरून ठरते. या दोहोंची गल्लत हे या विषयातील चुकीच्या निष्कर्षांचे नेहमीचे कारण आहे.

एका कल्पित उदाहरणाने हे स्पष्ट करता येईल. समजा, एका सदोष बिंदूचा प्रारणी वेग १ एकक व अप्रारणी वेग ९ एकके आहे. त्याची कार्यक्षमता १० टक्के झाली. दुसऱ्या उत्तम बिंदूचा प्रारणी वेग ९ व अप्रारणी वेग १ एकक आहे. त्याची कार्यक्षमता ९० टक्के झाली. दोघांचाही एकूण वेग १० एकके असल्यामुळे आयुःकाल सारखाच आहे. आता धातूच्या सान्निध्याने प्रारणी वेग पाचपट झाला आणि तेवढाच वेग धातूत वाया जाणाऱ्या ऊर्जेचा वाढला, असे मानू. पहिल्या बिंदूचे वेग प्रारणी ५, मूळ अप्रारणी ९ व धातूतील व्यय ५ असे होतात. कार्यक्षमता १९ मध्ये ५, म्हणजे सु. २६ टक्के होते. दुसऱ्या बिंदूचे वेग अनुक्रमे ४५, १ व ४५ होतात. कार्यक्षमता ९१ मध्ये ४५, म्हणजे सु. ४९ टक्के होते. सदोष बिंदू अडीच पटींहून अधिक उजळला, उत्तम बिंदू मात्र जवळजवळ निम्म्यावर आला. शिवाय ज्याचा आयुःकाल अधिक घटला, त्याचीच दीप्ती मंदावली.

येथे उत्तेजन क्षीण आहे, असे गृहीत धरले आहे. उत्तेजन इतके तीव्र असेल की, बिंदू रिकामा होताच तो पुन्हा उत्तेजित होतो, तर दर सेकंदास मिळणारे फोटॉन प्रारणी वेगावरच अवलंबून राहतात. अशा वेळी वरील उत्तम बिंदूही धातूजवळ पाचपट तेजस्वी दिसेल. त्याची कार्यक्षमता मात्र निम्मीच राहील. म्हणून धातूमुळे दीप्ती इतके पट वाढली, असे विधान करताना मूळ बिंदूची कार्यक्षमता व उत्तेजनाची तीव्रता यांचा उल्लेख नसल्यास ते विधान अपुरे ठरते.

तेजस्विता वाढण्याचे आणखी एक कारण उत्तेजनाशी निगडित आहे. खडबडीत पटलावरील उंचवट्यांच्या टोकांशी व फटींमध्ये आपाती प्रकाशाचे विद्युत् क्षेत्र एकवटते. तेथील बिंदू अधिक प्रकाश शोषतो व त्या प्रमाणात अधिक उत्सर्जितही करतो. यात बिंदूच्या कार्यक्षमतेत बदल झालेला नसतो. तसेच चकचकीत पटल मागे जाणारा प्रकाश पुढे वळवीत असल्यामुळे शोधकाकडे अधिक प्रकाश पोहोचतो. या तिन्ही कारणांचे वाटे वेगळे करण्यासाठी दीप्तीची तीव्रता, आयुःकाल आणि शोषण यांचे स्वतंत्र मापन करावे लागते. आयुःकाल मोजण्यासाठी लेसरच्या अतिशय अल्पकालीन स्पंदाने बिंदू उत्तेजित करून प्रत्येक फोटॉन किती वेळाने आला याची लाखो वेळा नोंद घेतात. तुलनेसाठी तेच बिंदू धातुविरहित काचेवर ठेवून तेच मापन करणे आवश्यक असते.

काही महत्त्वाचे प्रयोग : बावेंडी यांच्या प्रयोगशाळेतील के. टी. शिमिझू व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये सोन्याच्या खडबडीत पटलावर झिंक सल्फाइडाचे कवच असलेले कॅडमियम सिलेनाइडाचे एकेकटे बिंदू तपासले. त्यांची दिसणारी तीव्रता पाचपटींपर्यंत वाढली, तर आयुःकाल हजारपटींहून अधिक घटला. या दोन आकड्यांतील तफावत वरील विवेचनास पुष्टी देते. उत्सर्जित प्रकाश रेषीय ध्रुवित झाला, तसेच बिंदूचे लुकलुकणे पुष्कळ कमी झाले. एकेकटा पुंज बिंदू अखंड न प्रकाशता मधूनमधून विझतो, हे १९९६ मध्येच आढळले होते. बिंदूवर जादा विद्युत् भार राहिल्यास उत्तेजनाची ऊर्जा त्या भाराला मिळून प्रकाश उत्पन्न होत नाही, हे त्याचे एक प्रमुख कारण मानतात. धातूमुळे प्रारणी मार्ग पुरेसा जलद झाला, तर भारित बिंदूही प्रकाश देऊ शकतो आणि विझण्याचे काळ कमी होतात.

त्याच वर्षी ओ. कुलाकोविच व सहकाऱ्यांनी सोन्याच्या सूक्ष्म कणांवर बहुविद्युत् विच्छेद्याचे (विद्युत् भारित गट असलेल्या बहुवारिकाचे) थर चढवून बिंदूंचे अंतर क्रमाक्रमाने वाढविले. सुमारे ११ नॅमी. अंतरावर दीप्ती सर्वाधिक, म्हणजे सु. पाचपट आढळली; त्याहून जवळ शमन व त्याहून दूर वर्धनाचा ऱ्हास दिसला. परस्परविरोधी अशा दोन परिणामांच्या स्पर्धेतून एक इष्टतम अंतर निघते, हे या प्रयोगाने ठसठशीतपणे दाखविले. ११ नॅमी. हा आकडा मात्र सार्वत्रिक नव्हे. धातू, त्याचा आकार व प्रकाशाचा रंग बदलल्यास तो बदलतो.

अमेरिकेतील हार्व्हर्ड विद्यापीठात २००७ मध्ये रुप्याच्या सूक्ष्म तारेलगत एकच पुंज बिंदू ठेवण्यात आला. त्याची ऊर्जा तारेतील एकेकट्या प्लाझ्मॉनात जाते व तारेच्या टोकाशी ती प्रकाशरूपाने बाहेर पडते, असे दाखविण्यात आले. ड्यूक विद्यापीठात २०१६ मध्ये सोन्याच्या पटलावर रुप्याचा सूक्ष्म घन ठेवून त्यांच्यामधील अरुंद फटीत पुंज बिंदू बसविण्यात आला. आयुःकाल ५४० पट घटूनही एकूण तीव्रता १,९०० पट वाढल्याचे तेथे आढळले. इतक्या अरुंद फटीत एरवी शमनच अपेक्षित असते. परंतु घन व पटल मिळून एक आकाशकच तयार होत असल्यामुळे अडकलेली ऊर्जा उष्णता होण्यापूर्वीच बाहेर फेकली जाते.

धातूची निवड : दृश्य प्रकाशात सर्वांत कमी ऊर्जाव्यय रुप्यात होतो, मात्र हवेतील गंधकयुक्त वायूंमुळे त्याचा पृष्ठभाग काळवंडतो. सोने रासायनिक दृष्ट्या स्थिर आहे; परंतु सु. ५०० नॅमी. पेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश त्यातील बद्ध इलेक्ट्रॉन शोषून घेत असल्यामुळे निळ्या प्रकाशासाठी ते निरुपयोगी, तर तांबड्या व अवरक्त प्रकाशासाठी उपयुक्त ठरते. निळा व जंबुपार प्रकाश यांसाठी ॲल्युमिनियम सोयीचे पडते. पटलाची जाडीही महत्त्वाची असते. निर्वातात बाष्पनिक्षेपणाने काचेवर चढविलेला काही नॅमी. जाडीचा सोन्याचा थर अखंड नसून अलग अलग बेटांचा बनलेला असतो. अशी बेटे खडबडीत पटलाप्रमाणे वागतात. जाडी वाढविल्यावर बेटे जोडली जाऊन आरसा तयार होतो. एकाच धातूच्या दोन जाडीच्या पटलांवर भिन्न निष्कर्ष मिळण्यामागे बहुधा हे कारण असते. मधल्या थरासाठी सिलिका, ॲल्युमिना किंवा बहुवारिक वापरतात. बिंदूवरच जाड कवच वाढवून त्याला आपले अंतर आपल्याबरोबर वागविण्यास लावणे हाही एक उपाय आहे.

व्यावहारिक महत्त्व : पुंज बिंदूंचा पहिला प्रकाश उत्सर्जक द्विप्रस्थ (डायोड) १९९४ मध्ये अमेरिकेत तयार झाला. अशा द्विप्रस्थात इलेक्ट्रॉन पुरविणारे विद्युत् अग्र सामान्यतः ॲल्युमिनियमाचे असते. बिंदूंचा थर त्याला टेकला, तर निर्माण होणारा प्रकाश जागच्या जागी मावळेल. म्हणून मध्ये झिंक ऑक्साइडासारख्या पदार्थाचा, इलेक्ट्रॉन वाहून नेणारा पण ऊर्जेला दूर ठेवणारा थर घालतात. हा थर जाड केल्यास विद्युत् रोध वाढतो, पातळ केल्यास शमन वाढते. शिवाय धातूवरून परावर्तित झालेला प्रकाश थेट प्रकाशाशी कलेत जुळावा, हीही अट असते. १.८ प्रणमनांकाच्या माध्यमात ६२० नॅमी. प्रकाशासाठी पाव तरंगलांबी सु. ८६ नॅमी. भरते, धातूत होणाऱ्या कलाबदलामुळे प्रत्यक्ष अंतर याहून काहीसे कमी ठेवावे लागते. तांबडा, हिरवा व निळा या रंगांसाठी ही अंतरे वेगवेगळी येतात. पुंज बिंदू असलेले अनेक दूरचित्रवाणी संच या अडचणीतून मुक्त असतात, कारण त्यांतील बिंदू बहुवारिकाच्या पटलात बंदिस्त असून मागील निळ्या दिव्याच्या प्रकाशाने उत्तेजित होतात. त्यांना विद्युत् अग्राची गरज नसते. बिंदूंना थेट विद्युत् प्रवाहाने प्रकाशित करावयाचे असेल तेव्हा मात्र धातूशी असलेले हे नाते टाळता येत नाही.

शमन सर्वत्र हानिकारकच असते असे नाही. प्रकाश शोषून विद्युत् प्रवाह देणाऱ्या घटात पुंज बिंदूने प्रकाश न देता आपला विद्युत् भार विद्युत् अग्राकडे सोपवावा, हीच अपेक्षा असते. तेथे मंदावलेली दीप्ती हे भारस्थानांतरणाचे लक्षण असू शकते. जीवरसायनशास्त्रात शमनाचा उपयोग अंतर मोजण्यासाठी करतात. दीप्तिमान रेणू व सोन्याचा सूक्ष्म कण डीएनएच्या तुकड्याच्या दोन टोकांना जोडल्यास, डीएनए वाकला, तुटला किंवा त्याला दुसरा रेणू चिकटला की दीप्ती बदलते. धातूमुळे होणारे शमन अंतराबरोबर सावकाश घटत असल्यामुळे, केवळ दोन रेणूंच्या साहाय्याने करावयाच्या मापनाची सु. १० नॅमी. ची मर्यादा या पद्धतीने ओलांडता येते. एका वेळी एकच फोटॉन देणारे उद्गम गुप्त संदेशवहनासाठी हवे असतात. त्यांत आयुःकाल घटविणे हेच उद्दिष्ट असते, कारण त्यामुळे दर सेकंदास अधिक फोटॉन पाठविता येतात.

या सर्व उपयोगांत मूळ प्रश्न एकच असतो : उत्तेजित बिंदूजवळची ऊर्जा फोटॉन, प्लाझ्मॉन, उष्णता व विद्युत् भार यांपैकी कोणत्या मार्गाने बाहेर जाणार? धातू या मार्गांपैकी कोणताही मार्ग नव्याने खुला करू शकतो. त्यांतील कोणता सर्वांत रुंद ठरेल, हे धातूची जात, पटलाचा पोत, बिंदूची मूळ कार्यक्षमता आणि मुख्यत्वे दोहोंमधील अंतर यांवरून ठरते. त्यामुळे धातू पुंज बिंदूची दीप्ती वाढवितो की घटवितो, या प्रश्नाला या चार गोष्टी सांगितल्याशिवाय अर्थपूर्ण उत्तर देता येत नाही.